टॉवर उभा आहे, पण चढणारा कुठून आणायचा?

समोरच्या टेकडीवर टॉवर दिसतो. रात्री त्याच्यावरचा लाल दिवाही पेटतो. मग घरात रेंज का येत नाही? आदिलाबाद जिल्ह्यातल्या डोंगराळ मंडलांत हा प्रश्न अनेकांना पडतो. त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो: तक्रार केली की "माणूस पाठवतो" असं उत्तर मिळतं, पण तो माणूस येतो कुठून आणि त्याला इतके दिवस का लागतात?

पहिला प्रश्न रेडिओ लहरींचा आहे, दुसरा प्रशिक्षणाचा. या प्रकरणात दोन्ही पाहायचे आहेत. लहरी कशा चालतात हे थोडं समजलं, की टॉवरवर काम करणाऱ्याला नेमकं काय यायला हवं ते कळतं. आणि ते कळलं, की हे काम जिल्ह्यातल्याच मुलामुलींना शिकवणं का गरजेचं आहे, तेही उमगतं.

१. खिशातला रेडिओ

मोबाइल फोन हा मुळात रेडिओ आहे. घरातल्या आकाशवाणीच्या संचाला फक्त ऐकता येतं, फोनला ऐकताही येतं आणि बोलताही येतं. पोलिसांच्या गाडीतला वायरलेस, वनरक्षकाच्या हातातला वॉकीटॉकी आणि तुमचा फोन ही सगळी एकाच कुळातली यंत्रं. फिरत्या माणसाला तारेशिवाय जोडणाऱ्या या साऱ्या व्यवसायाला मिळून मोबाइल रेडिओ उद्योग म्हणतात.

अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराच्या पोलिसांनी १९२८ मध्ये गाड्यांत रेडिओ बसवले, तेव्हा गाडीतल्या शिपायाला हुकूम ऐकता येत असे, उत्तर देता येत नसे. पुढे दोन्ही बाजूंनी बोलणं सुरू झालं. १९४७ मध्ये बेल लॅबोरेटरीजच्या अभियंत्यांनी प्रदेशाचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला वेगळं केंद्र देण्याची कल्पना मांडली. ३ एप्रिल १९७३ रोजी मार्टिन कूपर यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभं राहून हातातल्या फोनवरून पहिला कॉल केला. भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ चा. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी तो कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना केला होता.

आता शक्तीचा हिशेब पाहू. टॉवरवरचा प्रक्षेपक साधारण २० ते ४० वॉट शक्तीनं बोलतो. हातातला ४जी फोन फार तर ०.२ वॉटनं. म्हणजे टॉवर फोनच्या शंभरपट किंवा त्याहून मोठ्या आवाजात बोलत असतो. फोनवर रेंजच्या दांड्या दिसतात, तरी कॉल लागत नाही, असं अनेकदा होतं. त्याचं एक कारण इथे आहे. टॉवरचं बोलणं फोनला ऐकू येतं, फोनचं बोलणं टॉवरपर्यंत पोचत नाही.

२. रेंज मोजायची कशी?

दांड्यांवर विसंबू नका. प्रत्येक कंपनी त्या आपल्या मर्जीनं दाखवते. फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या माहितीखाली 'सिग्नल स्ट्रेंथ' असा आकडा सापडतो: उणे ७०, उणे ९५, उणे ११० असा काहीतरी. त्यापुढे 'डीबीएम' लिहिलेलं असतं.

या आकड्याचा नियम सोपा आहे. शून्य म्हणजे एक मिलिवॉट, वॉटचा हजारावा भाग. तिथून दर १० खाली उतरलं की शक्ती दहावा हिस्सा उरते. उणे १० म्हणजे मिलिवॉटचा दहावा भाग, उणे २० म्हणजे शंभरावा. असं करत उणे ७० ला आलो की मिलिवॉटचा एक कोटीवा भाग उरतो. उणे १०० ला एक हजार कोटीवा.

एका घराच्या ओसरीत उणे ७० आणि आतल्या खोलीत उणे १०० असेल, तर आत पोचणारी शक्ती ओसरीतल्या शक्तीच्या हजारावा भाग आहे. कॉल दोन्हीकडे लागू शकतो, कारण फोनचा कान फार तीक्ष्ण असतो. पण उणे ११० च्या पलीकडे बोलणं तुटायला लागतं. उपकरणं घेऊन गावभर फिरत हे आकडे टिपण्याच्या कामाला 'ड्राइव्ह टेस्ट' म्हणतात आणि तो या उद्योगातला एक स्वतंत्र रोजगार आहे.

३. डोंगर, सागवान आणि सरहद्द

रेडिओ लहरीची लांबी काढायची असेल तर ३०० ला मेगाहर्ट्झच्या आकड्यानं भागा, उत्तर मीटरमध्ये मिळतं. ९०० मेगाहर्ट्झची लहर ३३ सेंटिमीटरची, १८०० ची सुमारे १७ सेंटिमीटरची. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात सुरू झालेल्या ५जी सेवेत ३३०० मेगाहर्ट्झच्या वरचा पट्टा वापरतात, तिथली लहर जेमतेम ९ सेंटिमीटरची. लांब लहर लांब जाते आणि अडथळ्याला थोडा वळसाही घालते. आखूड लहर जास्त माहिती वाहते, पण भिंत, टेकडी आणि झाडं तिला लवकर अडवतात.

म्हणून सपाट जैनद आणि बेला मंडलांतल्या कपाशीच्या रानात जे चालतं, ते उटनूर, नारनूर, गादीगुडा भागातल्या डोंगरांत चालत नाही. तिथे टेकडीच्या अलीकडे टॉवर असेल तर पलीकडच्या गुड्यावर सावली पडते. जंगल सागवानाचं. सागाची पानं रुंद, उन्हाळ्यात गळून जातात आणि पावसाळ्यात ओली होऊन लहरी शोषतात. त्यामुळे मे महिन्यात घेतलेली ड्राइव्ह टेस्ट ऑगस्टमध्ये खोटी ठरू शकते. बाहेरून आलेल्या तंत्रज्ञाला हे सांगावं लागतं, या मातीत वाढलेल्याला सांगावं लागत नाही.

उत्तरेला पैनगंगा. अलीकडे तेलंगणा, पलीकडे यवतमाळ जिल्हा. दूरसंचार परवान्यांसाठी देशाचे २२ विभाग पाडलेले आहेत. तेलंगणा हा आंध्र प्रदेश विभागात येतो आणि मुंबई सोडून उरलेला महाराष्ट्र गोव्यासह दुसऱ्या विभागात. फोनला मात्र नदी कळते ना राज्य. ज्या टॉवरचा आवाज मोठा त्याला तो धरतो. म्हणून नदीकाठच्या गावांत अलीकडे राहून पलीकडचं नेटवर्क पकडलं जातं. रोमिंगचे पैसे लागत, त्या काळात हा खिशाला चाट देणारा प्रकार होता. आपल्या टॉवरचा झोत नदीपाशी थांबवणं हे कौशल्याचं काम आहे, आणि ते कसं करतात हे पाचव्या विभागात येतंच.

जत्रेचंही असंच एक कोडं आहे. पुष्य अमावास्येला इंद्रवेल्ली मंडलातल्या केस्लापूरला नागोबाची जत्रा भरते. जत्रेसारखी गर्दी जमली की कोणत्याही गावात असा अनुभव येतो: रेंज पूर्ण, पण फोन लागत नाही. इथे लहर पोचण्याची अडचण नसते. एका टॉवरची क्षमता त्याच्या परिसरातले सगळे जण वाटून घेतात आणि वाटेकरी वाढले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतं. त्यावर उपाय म्हणजे गर्दीच्या ठिकाणी गाडीवर बसवलेला तात्पुरता टॉवर उभा करणं. तो एका दिवसात उभारणारे, जोडणारे आणि उतरवणारे हात मात्र जवळपास हवेत.

४. एका टॉवरमागे किती हात?

टॉवर कंपनी उभारते, असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात कामं अशी वाटलेली असतात:

पाया खणणारे आणि लोखंडी सांगाडा उभा करणारे. उंचावर चढून अँटेना, केबल आणि रेडिओ संच बसवणारे रिगर. वीज, बॅटरी आणि डिझेल जनरेटर सांभाळणारे टॉवर टेक्निशियन. जमिनीखालून आलेली फायबर जोडणारे स्प्लायसर. यंत्रं चालू करून ती मुख्य केंद्राशी जोडणारे अभियंते. ड्राइव्ह टेस्ट करणारे. दूरच्या नियंत्रण कक्षात पडद्यावर बिघाडाचे इशारे पाहणारे. आणि शेवटी गावात हँडसेट दुरुस्त करणारा दुकानदार, जो या साखळीतला सगळ्यात जुना स्थानिक कारागीर आहे.

देशात मोबाइल टॉवरांची संख्या ८ लाखांच्या आसपास आहे. टॉवर बहुतेक वेळा सेवा देणाऱ्या कंपनीच्या मालकीचा नसतो. २००७ मध्ये भारती, व्होडाफोन आणि आयडिया यांनी मिळून इंडस टॉवर्स ही कंपनी काढली. तेव्हापासून एकाच टॉवरवर दोन-तीन कंपन्यांच्या अँटेना टांगायची पद्धत रुळली. टॉवर कंपनी देखभालीचं कंत्राट देते, कंत्राटदार पोटकंत्राट देतो आणि प्रत्यक्ष चढणारा मुलगा या साखळीच्या शेवटच्या टोकाला असतो. त्याला शिकवायचं कोणी, हा प्रश्न या साखळीत अडकून पडतो. त्याच्याकडे आपण परत येऊ. आधी न शिकवल्यानं काय होतं, ते आकड्यांत पाहू.

५. एका अंशाची चूक

अँटेना सरळ समोर पाहत नाही, किंचित खाली झुकवलेली असते. रात्री शेतात बॅटरी धरून उभं राहिलं आणि मनगट थोडं खाली केलं की उजेडाचा गोल जवळ येतो, वर केलं की दूर पळतो. अँटेनाचा झोतही तसाच. तो कुठे पडावा हे झुकाव ठरवतो.

समजा अँटेना ४० मीटर उंचीवर आहे. ३ अंश झुकवली तर झोताचा मध्य सुमारे ७६० मीटरवर जमिनीला टेकतो. रिगरच्या हातून १ अंशाची चूक झाली आणि झुकाव २ अंश राहिला, तर तो ११४५ मीटरवर जातो. उलट ४ अंश झाला तर ५७२ मीटरवरच थांबतो. एका अंशात कुठे सुमारे १९०, कुठे सुमारे ३८० मीटरचा फरक. पहिल्या चुकीत झोत गावावरून निघून जातो आणि सरहद्दीवर असेल तर नदीपार पोचतो. दुसऱ्या चुकीत गावाचं शेवटचं टोक अंधारात राहतं.

प्रकरणाच्या सुरुवातीच्या प्रश्नाचं एक उत्तर इथे मिळतं. टॉवर दिसतो, दिवा पेटतो आणि रेंज नाही, याचं कारण पुष्कळदा झुकाव मोजायच्या साध्या उपकरणाचा वापर नीट न करण्यात असतं. अशा टॉवरजवळ नवा टॉवर उभा करून काही साधत नाही. कोणीतरी वर चढून एक बोल्ट सैल करून योग्य अंशावर पुन्हा कसावा लागतो.

६. काचेच्या धाग्याचा जोड

टॉवरपर्यंत बोलणं हवेतून येतं, पण टॉवरपासून पुढे ते पुष्कळ ठिकाणी काचेच्या धाग्यातून जातं. या धाग्याची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. त्यातला प्रकाश वाहणारा गाभा फक्त ९ मायक्रॉनचा. केबल साधारण दोन-दोन किलोमीटरच्या रिळांत येते, म्हणून ४० किलोमीटरच्या मार्गावर सुमारे २० जोड करावे लागतात. जोड देण्याचं यंत्र दोन टोकं विजेच्या ठिणगीनं वितळवून एकजीव करतं. पण त्याआधी धागा सोलणं, पुसणं आणि काटकोनात कापणं हे हाताचं काम. धुळीचा एक कण पुरे, जोड बिघडतो.

चांगल्या जोडात ०.०५ डेसिबल प्रकाश वाया जातो. २० जोडांचा मिळून १ डेसिबल. निष्काळजी जोडात ०.३ गेला तर एकूण ६ डेसिबल. वरची ५ डेसिबलची तूट म्हणजे पलीकडे पोचणारा प्रकाश तिसऱ्या हिश्शाच्याही आत. पावसाळ्यात रस्ता रुंद करताना खोदकामात केबल तुटली, घाईत जोड दिला, पुन्हा तुटली, पुन्हा दिला, असं चार-सहा वेळा झालं की मार्ग मरतो आणि त्यावर लटकलेले सगळे टॉवर एकदम मुके होतात.

तुटल्याची जागा शोधायला 'ओटीडीआर' नावाचं यंत्र असतं. ते धाग्यात प्रकाशाचा ठोका सोडतं आणि परत येणाऱ्या ठोक्याचा वेळ मोजतं. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. ठोका जाऊन परत यायला २०० मायक्रोसेकंद लागले, तर एकूण प्रवास ४० किलोमीटर, म्हणजे तूट २० किलोमीटरवर. हा हिशेब दहावीच्या गणिताचा आहे. तो ज्याला कळला, त्याला केबल दहा ठिकाणी खणावी लागत नाही.

७. वीज गेली की

टॉवरची यंत्रं ४८ व्होल्टवर चालतात. त्यासाठी २ व्होल्टचे २४ सेल एकापुढे एक जोडलेले असतात. समजा यंत्रं ३० अँपिअर ओढतात आणि बॅटरी ६०० अँपिअर-तासांची आहे. तिचं आयुष्य टिकावं म्हणून निम्मीच वापरायची म्हटलं तर ३०० भागिले ३०, म्हणजे १० तास टॉवर चालेल. आता २४ पैकी एक-दोन सेल खराब झाले आणि कोणी लक्ष दिलं नाही, तर ते बाकीच्यांनाही मागे ओढतात. कागदावर १० तास असलेला टॉवर तीन तासांतच मान टाकतो.

हे टाळायला महिन्याला एकदा प्रत्येक सेलचा व्होल्टेज मोजून वहीत लिहायचा, गंज पुसायचा, जोड कसायचे. वायरमनचं शिक्षण घेतलेल्या मुलाला हे आठवड्याभरात शिकवता येतं. पण त्याला ते कोणी शिकवलेलं नसलं, तर तो व्होल्टेज मोजत बसत नाही. इशारा आला की डिझेल टाकून परत जातो.

८. जिवाचा प्रश्न

वरच्या तिन्ही चुकांत नुकसान होतं ते रेंजचं. उंचावरच्या चुकीत जीव जातो. म्हणून प्रशिक्षणाचा पहिला धडा सुरक्षेचाच हवा आणि त्यातले नियम पाठ असायला हवेत. पट्टा पूर्ण अंगाचा, नुसता कमरेचा नको. पट्ट्याला दोन आकडे, एक सोडण्याआधी दुसरा अडकवलेला असलाच पाहिजे. खाली एक माणूस हजर, एकट्यानं चढायचं नाही. ढग गडगडू लागले की खाली यायचं. अँटेनासमोर काम करायचं असेल तर आधी तिचं प्रक्षेपण बंद करून घ्यायचं.

शेवटचा नियम अनेकांना ठाऊक नसतो. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या किरणोत्सर्गाची लोकवस्तीसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्शावर आणली आहे. खाली राहणाऱ्यांना ती लागू पडते. पण अँटेनाच्या तोंडाशी हातभर अंतरावर उभ्या असलेल्या रिगरची गोष्ट वेगळी आहे. त्याचं रक्षण त्याला मिळालेल्या शिकवणीवर आणि खालच्या माणसानं खरोखर बंद केलेल्या कळीवर अवलंबून असतं.

९. मग कोणी शिकवत का नाही?

आता कंत्राटांच्या साखळीकडे परत येऊ. समजा एका कंत्राटदारानं एका मुलावर २०,००० रुपये खर्चून त्याला जोड द्यायला शिकवलं. शेजारच्या कंत्राटदारानं शिक्षणावर काहीच खर्च केला नाही, म्हणून तो महिन्याला १,००० रुपये जास्त देऊ शकतो. मुलगा तिकडे जातो. पहिल्याचे २०,००० बुडाले, दुसऱ्याला तयार कारागीर फुकट मिळाला. पुढच्या वेळी पहिलाही शिकवत नाही. दोघंही शहाणपणानं वागले आणि दोघांचं मिळून नुकसान झालं. अर्थशास्त्रात हे जुनं कोडं आहे आणि ते कोणाच्या उपदेशानं सुटत नाही. खर्च सगळ्यांनी मिळून उचलला, तरच सुटतं. जर्मनीत उद्योग आणि व्यवसाय शाळा मिळून शिकाऊंना घडवतात. आठवड्यातले काही दिवस शाळेत, उरलेले कारखान्यात.

आपल्याकडेही त्याचा सांगाडा आहे. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय योजनेत शिकाऊच्या विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार देतं. शिवाय दूरसंचार कंपन्या आपल्या महसुलाचा ५ टक्के भाग ज्या निधीला देतात, तो २००२ पासून आहे आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यानं त्याला डिजिटल भारत निधी हे नाव मिळालं. दुर्गम गावांत टॉवर आणि फायबर नेण्यावर तो खर्च होतो. २७ जुलै २०२२ रोजी मंत्रिमंडळानं २४,६८० वंचित गावांत ४जी पोचवायला २६,३१६ कोटी रुपये मंजूर केले, ती योजनाही याच वाटेची. अशा प्रत्येक कंत्राटात एक अट घालता येईल: टॉवर ज्या मंडलात, तिथले दोन जण शिकाऊ म्हणून घ्यायचे. कोणा एका कंत्राटदारावर बोजा पडणार नाही, कारण अट सगळ्यांना सारखी असेल.

१०. शिकायचं कुठे?

आयटीआय. देशातली कारागीर प्रशिक्षण योजना १९५० ची. इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम दहावीनंतर करता येतो. वायरमनचा दोन वर्षांचा, त्याला आठवी उत्तीर्ण चालतं. अलीकडे ५जी नेटवर्क टेक्निशियन आणि घरापर्यंत फायबर नेणारा तंत्रज्ञ असे नवे अभ्यासक्रमही यादीत आले आहेत. तेलंगणा सरकारनं २०२४ मध्ये टाटा टेक्नॉलॉजीजबरोबर राज्यातल्या ६५ आयटीआयचं अद्ययावत तंत्रज्ञान केंद्रांत रूपांतर करायचं काम हाती घेतलं. तिथे भर रोबोट, सीएनसी यंत्रं आणि विजेच्या गाड्यांवर आहे. आदिलाबादसारख्या जिल्ह्यात कारखान्यांपेक्षा टॉवर जास्त गावांत पोचले आहेत, तेव्हा इथल्या केंद्रात जोड देण्याचं यंत्र आणि सरावाचा एक बुटका टॉवर मागणं रास्त आहे.

अल्प मुदतीचे अभ्यासक्रम. दूरसंचार क्षेत्र कौशल्य परिषदेनं टॉवर टेक्निशियन, फायबर स्प्लायसर, ब्रॉडबँड तंत्रज्ञ, हँडसेट दुरुस्ती अशा प्रत्येक कामासाठी काय यायला हवं याची यादी ठरवली आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतले वर्ग याच याद्यांवर चालतात.

ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. त्या जिल्ह्याजिल्ह्यांत बँका चालवतात. मूळ नमुना १९८२ मध्ये कर्नाटकातल्या उजिरे इथे धर्मस्थळाचे डॉ. वीरेंद्र हेगडे यांनी बँकांच्या साथीनं उभा केला. मोबाइल दुरुस्तीचा ३० दिवसांचा वर्ग तिथे असतो. शिक्षण, राहणं, जेवण फुकट. घरापासून लांब नोकरीला जाता येत नाही अशा स्त्रियांना हँडसेट दुरुस्ती आणि फायबर जोडणी ही दोन्ही बसून करायची, नेमक्या हाताची कामं पेलण्याजोगी आहेत. बचत गटांनी याकडे पाहायला हवं.

आणि ज्याला येतं, पण कागद नाही? दहा वर्षं टॉवर सांभाळणारा, पण प्रमाणपत्र नसल्यानं हेल्परच्या पगारावर अडकलेला माणूस प्रत्येक मंडलात भेटतो. त्याच्यासाठी पूर्वकौशल्याला मान्यता देण्याची सोय आहे. थोड्या तासांचा उजळणी वर्ग, मग हातानं काम करून दाखवायची परीक्षा आणि पास झाल्यास प्रमाणपत्र. त्याला पुन्हा पहिलीपासून शिकायची गरज नाही. आधी येत असलेल्या कामाची फक्त नोंद व्हायला हवी. प्रशिक्षण वाढवायचं म्हणजे नवे वर्ग काढायचे, एवढाच अर्थ आपण घेतो. आदिलाबादेत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात झटपट फळ देणारं काम हे नोंदीचं आहे.

११. कोणत्या भाषेत?

या जिल्ह्यात तेलुगू, मराठी, गोंडी, कोलामी आणि लंबाडी बोलणारे शेजारी राहतात. मराठी माध्यमाच्या सरकारी शाळाही आहेत. पुढे आयटीआयत गेलं की यंत्राची पुस्तिका इंग्रजीत आणि कंत्राटदाराचा हुकूम हिंदीत. वर चढलेल्या मुलाला खालून दिलेली सूचना अर्धवट कळणं धोक्याचं असतं. चेन्नईतली राष्ट्रीय अनुदेशात्मक माध्यम संस्था १९८६ पासून आयटीआयची पुस्तकं तयार करते, ती मराठी आणि तेलुगूतही निघतात. पुस्तकं आहेत, पण ती सरहद्दीच्या या बाजूच्या मराठी मुलांपर्यंत न्यायला हवीत. सुरक्षेचे नियम तर गोंडी आणि कोलामीत तोंडपाठ करून घ्यायला हवेत.

आपल्या भाषेतून शिकवणं या मातीला नवं नाही. १९४० मध्ये जोडेघाटला गोंडांचे नेते कोमराम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारनं मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना गोंडांच्या प्रश्नांचा अभ्यास करायला धाडलं. त्यांनी मारलवाई या गावी १९४३ मध्ये गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र काढलं. ज्या थोड्या गोंडांना लिहिता-वाचता येत होतं, त्यांना ते मराठीतून येत होतं. म्हणून गोंडीची पहिली वाचनपुस्तकं देवनागरीत झाली. शिक्षक बाहेरून आणायचे आणि ते बदली मागून निघून जायचे, यापेक्षा गावचाच माणूस त्याच्या भाषेत घडवायचा, हा त्यामागचा विचार होता. ८० वर्षांपूर्वी शिक्षकांच्या बाबतीत जे पटलं, ते आज टॉवरच्या तंत्रज्ञाला तसंच लागू आहे. हैदराबाद इथून सुमारे ३०० किलोमीटर, नागपूर सुमारे २००. तिथून निघालेल्या माणसाचा दिवस रस्त्यातच जातो. उटनूरचा माणूस तासाभरात नारनूरला पोचतो.

१२. वाचकानं काय करावं?

रेंज नसेल तर नुसतं "नेटवर्क नाही" म्हणू नका. घरातल्या तीन जागांचे आणि वेगवेगळ्या वेळांचे डीबीएमचे आकडे लिहून तक्रारीत द्या. वीज गेल्यावर किती तासांनी टॉवर बंद पडतो, तेही लिहा. अशी तक्रार वाचून झुकावाची चूक, बॅटरीची चूक आणि फायबरची चूक वेगळी ओळखता येते.

गावात टॉवरवर काम करणारा कोणी असेल, तर त्याला पूर्वकौशल्याच्या परीक्षेची माहिती द्या. पट्ट्याला दोन आकडे आहेत का, तेही विचारा. ग्रामपंचायतीनं टॉवरसाठी ना-हरकत देताना स्थानिक शिकाऊ घेण्याची मागणी ठरावात नोंदवावी. आणि घरात आठवी-दहावी झालेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर जवळच्या आयटीआयच्या कार्यालयात जाऊन दोनच गोष्टी विचारा: दूरसंचाराचा कोणता अभ्यासक्रम इथे आहे, आणि नसेल तर तो सुरू व्हायला किती मुलांचे अर्ज लागतील? अर्ज आले तरच वर्ग निघतो. तेव्हा पहिला अर्ज तुमच्या घरातून जाऊ द्या.